नेम

आमच्या गावाकडे 'पोरगं हुशार आहे' असं कुणी चटकन म्हणत नाही. 'नेम चांगला आहे गड्याचा' असं मात्र म्हणतात, आणि ते मिळवायला मार्कशीट लागत नाही. चिंचेच्या शेंड्याचा आकडा एका दगडात पाडला की झालं!

या नेमाची पहिली शाळा म्हणजे बेचकी. पेरूची किंवा बाभळीची दुबेळकी फांदी, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या आणि मधे फाटक्या चपलेचं चामडं. खर्च शून्य. दुसरी शाळा गोफण. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं राखायची. गोफणीची एक दोरी बोटात अडकवलेली, दुसरी चिमटीत. डोक्याभोवती दोन-तीन फेरे आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडायची. दगड वर्तुळाला स्पर्शरेषेत निघून जातो, हे मला फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये कळलं. आमचे नाना चौथी शिकलेले, पण त्यांचा दगड कधी चुकीच्या स्पर्शरेषेत गेला नाही. त्यांचा एकच नियम होता : "पाखरू उडालं पायजे, मेलं नाय पायजे." १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, पण नानांचा कायदा त्याआधीचा.

तिसरी शाळा जत्रेतली. फुग्यांचा फळा आणि छऱ्याची बंदूक. शहरातले पाहुणे पाच छरे मारतात, पाचही चुकतात आणि 'बंदूकच वाकडी आहे' म्हणत निघून जातात. बंदूक वाकडी असतेच हो! नाना पहिला छरा मुद्दाम फळ्याच्या मोकळ्या लाकडावर मारायचे, कुठे लागला ते बघायचे आणि मला सांगायचे, "डावीकडं मारतीया. तू ईतभर उजवीकडं धर." पुढे मेट्रॉलॉजीच्या तासाला सरांनी प्रिसिजन आणि अ‍ॅक्युरसीतला फरक फळ्यावर काढला, तेव्हा मला तो जत्रेतलाच फळा दिसला. सगळे छरे एकाच जागी पण मध्यापासून लांब लागत असतील, तर माणूस चांगला आहे, फक्त साइट हलवायची. छरे चारी बाजूंना विखुरले, तर मात्र साइट हलवून काही होत नाही. तिथे माणसालाच सराव करावा लागतो.

हाच खेळ पुढे किती बारीक होतो, ते थोडं आकड्यांत सांगतो. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि छरा साडेचार मिलिमीटरचा! एवढ्या अंतरात छरा दीड-दोन सेंटिमीटर खाली येतो. ऑलिम्पिकच्या धनुर्विद्येत अंतर ७० मीटर. बाण सेकंदाला ६० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे हवेत सव्वा सेकंद. अर्धा जी टी वर्ग घालून बघा, सुमारे सात मीटर खाली! म्हणजे नेम धरताना बाण दोन मजले वर सोडावा लागतो. शिवाय दोरीतून सुटताना बाण सरळ जात नाही, माशासारखा वळवळत धनुष्याला वळसा घालतो. त्याचा ताठरपणा धनुष्याच्या ताकदीशी जुळला नाही, तर कितीही चांगला नेम वाया.

आणि ही गावाकडची पोरं तिथवर पोचली आहेत, हे महत्त्वाचं. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा प्रवीण जाधव २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये उतरला. साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं.

पण बेचकी आणि पॅरिस यांच्यामध्ये एक दरी आहे. ती आमच्या घरानंच पाहिली. माझी धाकटी बहीण शाळेत बांबूच्या धनुष्यावर खेळते. 'इंडियन राउंड' म्हणतात त्याला, आणि ते धनुष्य काही हजारांत येतं. जिल्ह्याला खेळून आली, तेव्हा प्रशिक्षकांनी सांगितलं की आता हिला रिकर्व्ह द्या. चांगला सेट, बाण, साइट धरून लाखाच्या वर. त्याच महिन्यात माझी थर्ड इयरची फी भरायची होती. आबा दोन दिवस काही बोलले नाहीत. आई म्हणाली, पोराचं शिक्षण आधी. बहीण मला फोनवर एवढंच म्हणाली, "दादा, तुझी फी पुढच्या वर्षीपण असणारे. माझं सतराच्या खालचं हे शेवटचं वर्ष आहे." मला उत्तर सुचलं नाही.

शेवटी फी भरली गेली. ओळखीतून एक वापरलेला सेट हप्त्यांवर मिळाला. मी 'कमवा आणि शिका'त लायब्ररीचं काम घेतलं, मेसचा खर्च त्यातून निघतो. ती त्या वर्षी राज्यस्तरावर निवडली गेली नाही. पण सराव थांबलेला नाही, रोज पहाटे शंभर बाण. पुढे काय होईल, ते तिलाही माहीत नाही आणि मलाही.

हे सगळं इथे लिहिण्याचं कारण आपल्याच कॅम्पसमध्ये आहे. हॉस्टेलच्या मागची ती लांब रिकामी पट्टी आपण सगळेच बघतो. एका टोकाला उंच मातीचा बांध, दोन्ही बाजूंना कुंपण, एक जाणकार प्रशिक्षक आणि जिमखान्याच्या निधीतून चार बांबूची धनुष्यं, एवढ्यात सुरुवात होऊ शकते. आपल्या हॉस्टेलमध्ये गोफण फिरवलेले हात भरपूर आहेत. सध्या ते सगळे माउसवर आहेत, एवढंच. जिमखाना विभागातल्या सरांना नम्र विनंती, की येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. बांध घालायला श्रमदानाला आम्ही तयार आहोत. पहिली वीस नावं माझ्याकडे लिहून तयार आहेत.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी