नाण्यावरचं नाव

आजीच्या देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी तांब्याचा एक काळपट तुकडा असायचा. रोज हळदकुंकू, आणि दिवाळीत चिंचेने घासून लख्ख. उचलायला गेलो की आजी म्हणायची, "शिवराई हाय ती. हात धुऊन ये आदी." ती तिला तिच्या सासूने दिलेली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. चिंच आणि बोटं यांनी मिळून त्यातला 'राजा' कधीच पुसून टाकला होता. 'शिव' तेवढा शिल्लक होता.

तिथून मला नाण्यांची खोड लागली. टेंभुर्णीत राहून हा नाद करायचा म्हणजे मोडवाल्याशी दोस्ती हवी. हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या धुरळा उडवत जातात आणि त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तांब्या-पितळेच्या फुटक्या भांड्यांत कधीतरी एखादा बादशहा निघतो. वजनावर. शाहीपणा काट्याला कळत नाही.

मला आधी वाटायचं की शिवराई म्हणजे महाराजांनी पाडलेलं नाणं. मग कळलं की १६७४ च्या राज्याभिषेकानंतर जे नाव तांब्यावर उमटलं, ते पुढच्यांनीही बदललं नाही. पेशवाईतही शिवराया त्याच नावाने पडत राहिल्या आणि १८१८ ला पेशवाई बुडाली तरी बाजार त्यांच्यावरच चालला. आजीची शिवराई नेमक्या कोणाच्या अमलातली, हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. राजा गेला, पण त्याच्या नावावर मीठ-मिरची मिळत राहिली.

साहेबाच्या देशातही असंच घडलेलं. तिथे ११८० पासून १२४७ पर्यंत चांदीच्या पेनीवर एकच नाव आहे, हेन्री. मध्ये रिचर्ड येऊन गेला, जॉन येऊन गेला. जॉन म्हणजे १२१५ ला सरदारांनी ज्याला मॅग्ना कार्टा मान्य करायला लावला तो, गोष्टींमधला कायमचा खलनायक. इंग्लंडातल्या त्याच्या पेनीवर त्याचं नावच नाही. बापाच्या नावावर राज्य केलं आणि बदनामी मात्र स्वतःच्या नावावर जमा झाली.

आपल्याकडे तो मान मुहम्मद तुघलकाचा. तलाठी कार्यालयात एका उताऱ्यासाठी चौथी खेप पडली की टेंभुर्णीतला माणूस 'तुघलकी कारभार' म्हणतोच. १३३० च्या सुमारास त्याने तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या मोलाने चालवली. लोकांनी घरोघरी टाकसाळी काढल्या, आणि शेवटी खऱ्या चांदीने ती परत घेताना खजिन्याचा घाम निघाला. यातली काही नाणी आपल्या दौलताबादेत पडलेली. पण त्याची नाणी भिंगाखाली धरून बघा. अक्षरांची बसकण इतकी देखणी, की एकोणिसाव्या शतकात एडवर्ड थॉमस या अभ्यासकाने त्याला टाकसाळवाल्यांचा राजपुत्र ठरवून टाकलं. माझ्यापुरता मी त्याला अर्धी माफी देऊन टाकली आहे.

औरंगजेबाला ती देववत नाही, तरी त्याचा सोलापूर टाकसाळीचा एक रुपया मी जपून ठेवलाय. तो म्हातारा १६९५ ते १६९९ इथेच, खाली माचणूरजवळ ब्रह्मपुरीला, भीमेच्या काठी तळ देऊन बसला होता. त्याच्या चांदीच्या नाण्यावर पूर्ण चंद्राची उपमा असते, सोन्याच्या नाण्यावर सूर्याची. त्याने नाण्यांवरून कलमा काढून टाकला, कारण ते पवित्र शब्द कोणाच्याही हाती पडून विटाळू नयेत. माझा रुपया वाळू-मातीने इतका झिजलाय की चंद्राची चतुर्थी झाली आहे.

सगळ्यात आवडता मात्र महेश्वरचा रुपया. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीतला. नाव दिल्लीच्या शाह आलमचं, ज्याची सत्ता दिल्लीतही धड चालत नव्हती. बाईंनी आपलं नाव घातलंच नाही, नुसती पिंड आणि बेलाचं पान घातलं. शाह आलम आज कोणाला आठवतो?

आजी गेल्यावर मी ती शिवराई कागदी पाकिटात घातली, वर वजन आणि व्यास लिहिला, कपाटात ठेवली. जुनं नाणं घासायचं नसतं, रंग जातो, किंमत जाते, हे आईला दोनदा समजावलं. या दिवाळीत पाकीट उघडलं तर रिकामं. स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर वाटीत चिंच भिजत घातली होती.