मी भाषांतर अर्धंच केलं

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

परवा अंबाडी नाक्यावर वडापावच्या गाडीशी उभा होतो. वाड्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघणाऱ्यांतून हाक आली, "पत्रकार दादा, वळखलं का?" कडेवर लेकरू, पायाशी दोन गोण्या, त्यातल्या एकीतून पातेल्याचा काठ बाहेर आलेला. मला ओळख लागेना. तीच म्हणाली, "ती गोरी बाई आली व्हती ना वाडीत. तुम्ही तिला सांगत व्हता."

मग आठवलं. आणि जे आठवलं ते इथे लिहायला मला दोन दिवस लागले.

२०१२ चा जानेवारी. मी एका दैनिकाचा वार्ताहर होतो. मानधनात पेट्रोलसुद्धा सुटत नसे. इंग्रजी बरं बोलतो म्हणून एका ख्रिस्ती संस्थेच्या कार्यकर्त्याने दुभाषा म्हणून बोलावलं. दिवसाचे पाचशे रुपये. अमेरिकेतल्या एका चर्चची आठ-नऊ माणसं आली होती. त्यांनी 'दत्तक' घेतलेली मुलं बघायची, वाडीत आरोग्य तपासणी करायची, प्रार्थना करायची आणि परतायचं, असा कार्यक्रम.

ही पद्धत अनेकांना माहीत असेल. परदेशातलं कुटुंब एका मुलाचा फोटो निवडतं, दर महिन्याला ठरलेली रक्कम पाठवतं, मूल अधूनमधून पत्र लिहितं. १९५० च्या दशकात, कोरियाच्या युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी अमेरिकन मिशनऱ्यांनी ती मोठ्या प्रमाणावर सुरू केली. पण परदेशी वर्गणीवर मुली शिकवणं महाराष्ट्राला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, दहा वर्षं मदत करायचं ठरलं. त्या पैशांवर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. ते पुण्याला गेल्यावर, १८९३ मध्ये, मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून गदारोळ झाला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. म्हणजे आज आपण मोबाइलवर भांडतो तो वाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. मी होतो त्या दिवशी प्रार्थना झाली, येशूचं एक गाणं झालं, खाऊ वाटला, डॉक्टरांनी खरूज आणि खोकल्याची औषधं दिली. मी पाहिलं ते एवढंच.

आता मुद्द्यावर येतो.

वाडी कातकऱ्यांची. अंबाडीपासून मोटरसायकलने पंधरा मिनिटं. दहा वर्षं बातमीदारी करून मी त्या दिवसापर्यंत तिथे एकदाही गेलो नव्हतो. वाडी निम्मी रिकामी, बऱ्याच झोपड्यांना कुडाचं दार बांधून घातलेलं. पाहुण्यांना वाटलं, लोक शेतावर गेले असतील. आपल्याकडच्यांना सांगायला नको, जानेवारीत कातकरी कुठे असतात ते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा शेटकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जायचं, पाऊस तोंडावर आला की परतायचं. मजुरी हजार विटांवर. बाप चिखल तुडवतो, आई साच्यातून विटा पाडते, पोरं सुकत घातलेल्या विटा उलटतात. हिशेबाला बसलं की बऱ्याचदा उचल फिटलेलीच नसते, आणि पुढच्या वर्षीचा मालक तिथेच ठरतो. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे.

परदेशी पाहुणे येतात तेही जानेवारीतच. थंडी असते, रस्ते कोरडे असतात. त्यामुळे मुलांना भट्ट्यांवरून जीपने आणलं होतं. अंघोळ घालून, तेल लावून, नवे कपडे घालून ओळीत बसवलं होतं.

त्यातली एक नऊ-दहा वर्षांची. तिची पालक एक निवृत्त शिक्षिका होती, सत्तरीची, गुडघ्यांनी अधू. चार वर्षं त्या बाईने या मुलीचा फोटो पाकिटात ठेवला होता. फोटोचे कोपरे झिजले होते. स्वतःच्या हाताने शिवलेलं दप्तर तिने आणलं होतं. ती मुलीसमोर खाली जमिनीवर बसली आणि मला म्हणाली, हिला विचारा, काल शाळेत काय शिकलीस?

मी विचारलं.

मुलगी म्हणाली, "मी शालत नाय. दिवालीपास्ना भट्टीवर हाय. आई आजारी हाय, मंग तिच्या वाटच्या विटा मीच फिरवतंय. बाईला सांग, शालत जायाला मिलंल काय?"

कार्यकर्ता शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं.

मी इंग्रजीत म्हणालो, तिला शाळा फार आवडते.

बाई हसली. मुलीचा हात हातात घेतला, तळवा उलटून बघितला आणि विचारलं, हात इतके खरखरीत कसे? मी म्हणालो, घरकामात मदत करते. मुलीकडून कशाचंच उत्तर न घेता मीच म्हणालो.

जाताना कार्यकर्त्याला मी विचारलं, हे काय आहे? तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "पत्रकार, मूल शाळेत नाही असं वर कळलं तर त्याचं नाव यादीतून जातं. मग वह्याही बंद आणि डॉक्टरही बंद. तुमचं सरकार देणार आहे का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाचशे रुपये खिशात होते. दुसऱ्या दिवशी माझी बातमी तीन कॉलम, फोटोसह: परदेशी पाहुण्यांची आदिवासी वाडीला भेट.

पुढे ते काम या भागातून बंद झालं. मोठ्या संस्थांचं काय झालं ते बातम्यांत आलंच आहे. परदेशी निधीवर बंधनं आल्यावर कम्पॅशन इंटरनॅशनलने मार्च २०१७ मध्ये भारतातलं काम थांबवलं, तेव्हा त्यांच्या यादीत सुमारे १,४५,००० मुलं होती. जानेवारी २०२४ मध्ये वर्ल्ड व्हिजन इंडियाची परदेशी निधीची नोंदणी रद्द झाली. मी गेलो ती संस्था या दोन्हींपैकी नव्हती. परकीय पैशाचा हिशेब मागायचा सरकारला पूर्ण अधिकार आहे, मागावाच. पण त्या याद्यांतल्या मुलांना पुढे कुणी हातात घेतलं, हे आम्ही पत्रकारांनीही विचारलं नाही.

सरकारकडे स्वतःची अशी योजना नाही असंही नाही. मिशन वात्सल्यमधून पात्र मुलाला महिन्याला ४,००० रुपये प्रायोजकत्व मिळतं. राज्याची बालसंगोपन योजना २,२५० रुपये देते. अनाथ, एकल पालकांची, दुर्धर आजार असलेल्या आईबापांची मुलं त्यात बसतात. स्थलांतर करणाऱ्या मुलाची शाळा तुटू नये म्हणून शिक्षण हमी कार्डही आहे. पण अर्जाला दाखला लागतो, आधार लागतं, बँकेत खातं लागतं, आणि फेऱ्या मारायला मोकळे दिवस लागतात. उचल घेतलेल्या माणसाचा एकही दिवस त्याचा स्वतःचा नसतो.

तर परवाचं सांगत होतो. ती निघाली होती भट्टीवरच. गाडी येईपर्यंत दोन मिनिटं बोललो. शाळेचं विचारायचं मला धाडस झालं नाही. तिनेच विचारलं,

"दादा, तवा मी एवढं बोलली, आन तुम्ही तिला एवढुसंच सांगितलं. काय सांगितलं व्हतं?"

चौदा वर्षं तिने ते लक्षात ठेवलं होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण वाक्याची लांबी कळत होती.

मी खरं सांगितलं. तिला शाळा आवडते, एवढंच बोललो होतो, म्हणालो. ती रागावली नाही. "आवडायची," म्हणाली. गाडी आली. मी गोणी वर चढवून दिली.

ती म्हातारी हजारो मैलांवरून आली होती आणि तिला एका कातकरी मुलीचं नाव पाठ होतं. तिला खरं सांगितलं असतं तर भट्टी बंद झाली नसती, हे मला कळतं. पण निदान एका माणसाला तरी ते कळलं असतं. ते मी होऊ दिलं नाही.

वाडा रोडला, वज्रेश्वरीच्या बाजूला, दुगाडकडे, तुमच्या घराजवळ भट्टी असेल. शाळेच्या वेळेत विटा उलटणारं पोर दिसलं तर त्याचं नाव विचारा, गावाचं नाव विचारा आणि आपल्या केंद्रशाळेत कळवा. शाळेने टाळलं तर मला कळवा. या वेळी मी पूर्ण छापेन.