मागे राहिलेल्यांचे लोणी



आगमनकाळाची पहिली जांभळी मेणबत्ती पेटली की नेपानगरातल्या आमच्या घरांत आणखी एक गोष्ट सुरू होते. तिची सूचना वेदीवरून कुणी देत नाही. रोजच्या दुधावरची साय एका डब्यात जमू लागते. एरवी ही साय साखर घालून मुलांच्या पोळीवर जाते, नाहीतर चहात जाते. या दिवसांत मात्र तिला हात लावायचा नाही. ती नाताळाची असते.

हिशेब साधा आहे. म्हशीच्या चांगल्या दुधात शंभराला सहा भाग स्निग्धांश असतो. म्हणजे एका लिटरमध्ये साधारण 60 ग्रॅम. दूध तापवून, निवू देऊन साय काढली तरी सगळा स्निग्धांश वर येत नाही. आमच्या अनुभवात लिटरमागे 35 ते 40 ग्रॅम लोणी पदरात पडते. आगमनकाळ कमीत कमी 22 आणि जास्तीत जास्त 28 दिवसांचा असतो. रोज लिटरभर दूध घेणाऱ्या घरात तेवढ्या दिवसांत किलोच्या आसपास लोणी होते. एका घराच्या केकला आणि नानकटाईला ते पुरते. जणू कुणीतरी मोजूनच हा काळ आखून दिला आहे.

साय साठवायची ती थंड जागी. घुसळायच्या आदल्या रात्री तिला विरजण लावायचे. डिसेंबरात इथे रात्री चांगल्याच गारठतात. साय फार थंड असली तर कितीही घुसळा, लोणी धरत नाही. मग वाटीभर कोमट पाणी घालावे लागते. उन्हाळ्यात याच्या उलट, बर्फाचे पाणी लागते. गोळा वर आला की तो थंड पाण्याने तीन-चार वेळा धुवायचा, शेवटचे पाणी नितळ येईपर्यंत. ताकाचा अंश राहिला तर लोण्याला लवकर वास येतो आणि केकलाही आंबूस चव लागते. ही सगळी कामे घाईने होत नाहीत. धर्मशिक्षणाच्या वर्गात ‘वाट पाहणे’ म्हणजे काय ते समजावताना आम्हाला पुस्तकापेक्षा हा सायीचा डबा जास्त उपयोगी पडतो. रोज चमचाभर बाजूला ठेवायचे आणि मध्ये खायचे नाही, हे सात वर्षांच्या मुलालाही कळते.

आमचे गाव तसे लहान. भुसावळ-खंडवा लोहमार्गावरचे. ते वाढले ते मिलमुळे. वृत्तपत्राचा कागद बनवणारा हा देशातला पहिला कारखाना. पंडित नेहरूंनी 1956 मध्ये तो राष्ट्राला अर्पण केला. कामासाठी चहूकडून माणसे आली आणि त्यांच्याबरोबर त्यांची नाताळची ताटेही आली. केरळची कुटुंबे मनुका-काजूचा गडद केक करतात. त्यांच्यातल्या सिरियन परंपरेच्या घरांत नाताळाआधी 25 दिवसांचा उपवास असतो. गोव्याकडची घरे रवा-खोबऱ्याचा बाथ करतात आणि त्यात हात आखडता न घेता लोणी घालतात. खानदेश-मराठवाड्याकडच्या आम्हा मराठी घरांत करंज्या, शंकरपाळे आणि नानकटाई. नानकटाईचे सामान डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचे, नंबर लावायचा, किलोवर मजुरी द्यायची आणि गरम डबा सायकलच्या हँडलला अडकवून घरी आणायचा. मिस्सा आमच्याकडे हिंदीत होतो, पण या ताटांत सगळ्या भाषा असतात. बऱ्हाणपूरचा दराबा आम्हाला शेजाऱ्यांकडून दिवाळीत मिळतो. रवा, साखर आणि तूप हलके होईपर्यंत फेटून केलेला. त्याची परतफेड नाताळात केकने होते.

लोणी आणि सण यांचे नाते ख्रिस्ती जगात फार जुने आहे. त्याचे कारण उपवासात आहे. मध्ययुगात पश्चिमेकडच्या मंडळीत उपवासकाळात मांसाबरोबर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असत. घरातली अंडी-लोणी संपवण्यासाठी राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी पॅनकेक करण्याची रीत पडली. रशियात उपवासाआधीचा अख्खा आठवडा ‘लोण्याचा आठवडा’ म्हणून ओळखला जातो. आज आपल्याला लोण्याची बंदी नाही. राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी उपवास आणि मांसवर्जन हा नियम मात्र आहे. पण सणाचा केक लोण्याचाच हवा, ही आपली ओढ त्या जुन्या उपवासातून आली आहे.

या इतिहासाला एक अवघड बाजूही आहे. उत्तर युरोपात ऑलिव्ह पिकत नाही. उपवासाच्या दिवसांत तिथल्या लोकांना मिळेल त्या तेलावर भागवावे लागे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनकडच्या लोकांसाठी पोप आठवे इनोसंट यांनी 1491 मध्ये लोणी वापरण्याची परवानगी देणारे पत्र दिले. ते ‘लोण्याचे पत्र’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिथला नाताळचा श्टोलन केक आज जगभर जातो. फ्रान्समधल्या रूआँ शहराच्या कॅथेड्रलला ‘लोण्याचा बुरूज’ आहे. उपवासकाळात लोणी खाण्याची मुभा मिळावी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशातून तो बांधला, असे सांगतात. ज्याच्याकडे पैसे त्याला लोणी, आणि नसतील त्याला तेल. मार्टिन ल्यूथर यांनी 1520 मध्ये जर्मन सरदारांना उद्देशून जे लिहिले त्यात या विकत मिळणाऱ्या परवानग्यांवरही बोट ठेवले होते. आपण कॅथलिक आहोत, तरी ते बोलणे ऐकून घ्यावे. कारण तीच गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातही घडू शकते, आणि तिथे कुणी पोपचे पत्र मागत नाही.

आमच्याकडे ती अशी घडली. 2016 मध्ये मिलचे उत्पादन थांबले ते 2022 मध्ये पुन्हा सुरू झाले. मधल्या वर्षांत अनेक घरांतली तरुण मुले कामासाठी पुण्याला, नाशिकला, इंदूरला गेली. क्वार्टरांच्या ओळींत कुलपे दिसू लागली. जी माणसे मागे राहिली त्यांत म्हातारी माणसे जास्त. त्या काळातल्या एका नाताळात आम्ही स्वयंसेविका ताटे वाटायला निघालो. एका आजींचे दार वाजवले, उघडले नाही. आत दिवा होता. दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर त्या चर्चच्या पायरीवर भेटल्या. आम्ही काही विचारण्याआधीच म्हणाल्या, “अगं पोरींनो, ताट घेतलं की ते रिकामं परत करता येत नाही. आणि साखर घालून तरी किती वर्षं परत करू? दूधच पावशेर घेते मी. त्यात साय कसली धरते?”

आपल्याकडे ही रीत आहे. कुणाचे भांडे रिकामे पाठवायचे नाही. रीत सुंदर आहे. पण ज्याच्याकडे भरायला काही नाही, त्याला तीच रीत दाराआड बसवते. संत पौलाने करिंथच्या मंडळीला याचसाठी रागे भरले होते (पहिले पत्र, अध्याय 11). प्रभुभोजनाला जमायचे, पण ज्याने त्याने आपले आणलेले आपणच खायचे, आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवायचे! ही प्रभूची मेजवानी नव्हे, असे तो त्यांना स्पष्ट सांगतो.

पुढच्या आगमनकाळात आम्ही वर्गातल्या मुलांना एक काम दिले. बायबलमध्ये दही-लोणी कुठे कुठे येते ते शोधायचे. मुलांनी बरेच शोधले. उत्पत्तीच्या 18 व्या अध्यायात अब्राहाम भर दुपारी आलेल्या तीन अनोळखी पाहुण्यांपुढे दही, दूध आणि कोवळे वासरू ठेवतो आणि ते जेवत असताना स्वतः झाडाखाली उभा राहतो. दह्यासाठी तिथे जो हिब्रू शब्द आहे त्याचा अर्थ लोणी असाही होतो. 55 व्या स्तोत्रात एक मित्र आहे, त्याचे बोलणे लोण्यासारखे मऊ आणि मनात मात्र लढाई. हे वाचून मुले हसली, कारण ‘मस्का लावणे’ त्यांना माहीत होते. आणि एका मुलीने यशयाचा सातवा अध्याय काढला.

तो अध्याय आपण नाताळाआधी दरवर्षी ऐकतो. कुमारी गर्भवती होईल, पुत्राचे नाव इम्मानुएल ठेवतील. पण वाचन बहुधा तिथेच थांबते. पुढच्याच ओवीत म्हटले आहे की हे बाळ दही आणि मध खाईल. आणखी थोडे पुढे गेले की देशाची अवस्था येते. द्राक्षमळ्यांच्या जागी काटेकुटे उगवले आहेत. एखाद्या माणसाकडे एक कालवड आणि दोन मेंढ्या एवढेच उरले आहे. पण तेवढ्यांचेच दूध भरपूर होईल, आणि देशात जे कुणी मागे राहिले असतील ते सगळे दही आणि मध खातील.

आम्ही हा भाग वर्गात दोनदा वाचला. इम्मानुएलाच्या वाट्याला राजवाड्यातले पक्वान्न आलेले नाही. उजाड झालेल्या गावात मागे राहिलेली माणसे जे खातात, तेच त्याचे खाणे. ‘देव आम्हांबरोबर’ या नावाचा अर्थ त्या दिवशी आम्हाला आमच्या क्वार्टरांच्या ओळींत दिसला. ज्या घरातली मुले गेली, ज्या दाराला आतून कडी आहे, त्या घरातल्या ताटात जे आहे ते खायला तो येतो. मग आमचे लोणी त्या दारापर्यंत कसे न्यायचे, एवढाच प्रश्न उरला. दान म्हणून नेले तर ते दार पुन्हा लागणार होते.

म्हणून आम्ही रीत थोडी बदलली. आगमनकाळाच्या तिसऱ्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये एक मोठी परात मांडली. ज्याच्याकडे साय आहे त्याने साय आणायची. ज्याच्याकडे नाही त्याने मैदा, साखर, वेलची किंवा नुसते हात आणायचे. सगळी साय एकत्र घुसळायची. नंतर ताटे त्याच एका राशीतून भरायची आणि प्रत्येक घरात एकसारखी जायची, शेजारच्या हिंदू-मुस्लिम घरांतही. ताट परत भरून द्यायचा प्रश्नच राहिला नाही, कारण ते आधीच सगळ्यांचे होते.

पहिल्या वर्षी कुरबुरी झाल्या. आमची साय ताजी, त्यांची आंबट. आमचे गाईचे, त्यांचे म्हशीचे. नीतिसूत्रांच्या 30 व्या अध्यायाच्या शेवटी म्हटले आहे की दूध घुसळले की लोणी निघते, नाक पिळले की रक्त निघते आणि राग घुसळला की भांडण निघते. मूळ हिब्रूत या तिन्ही क्रियांना एकच शब्द आहे. हॉलमध्ये ते वचन कुणीतरी मोठ्याने वाचले आणि सगळ्याजणी हसल्या. एका घरातून वनस्पती तुपाचा पुडा आला. तोही परातीत गेला. चव किंचित बदलली असेल, कुणी बोलले नाही.

त्या आजी आल्या होत्या. हात रिकामेच होते. पण लोणी धुण्याची वेळ आली तेव्हा त्या परातीजवळ बसल्या आणि दोनदा म्हणाल्या, “अजून एक पाणी घाला गं.” आम्हाला पुरेसे वाटत होते. तिसऱ्या पाण्यालाही ताक निघाले. त्या वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांचे दार उघडे होते.

आमचे प्रमाण विचाराल तर ते असे: अर्धा किलो मैदा, पाव किलो पिठीसाखर, 300 ग्रॅम धुतलेले लोणी, चिमूटभर सोडा, चिमूटभर मीठ, वेलची. लोणी आणि साखर आधी पांढरी, हलकी होईपर्यंत फेटायची. फेटताना जी हवा अडकते तिनेच नानकटाई खुसखुशीत होते, म्हणून इथे कंटाळा करायचा नाही. मैदा घातल्यावर मात्र फार मळायचे नाही, नाहीतर ती कडक होते. लोण्यात पाणी राहता कामा नये.

मिल सुरू झाली आहे, पण गेलेली सगळी मुले परतली नाहीत. परात दरवर्षी मांडली जाते.

या आगमनकाळात तुमच्या धर्मग्रामातही पाहा. ताटे कुठे जातात आणि कुठे जायची थांबली आहेत? ज्या घरातून दोन वर्षांत काही आले नाही, त्या घराला काय हवे ते विचारण्याआधी त्यांना काय येते ते विचारा. आणि रोजच्या सायीतला एक चमचा आजपासूनच बाजूला ठेवा. मिझोरामच्या ख्रिस्ती बायका प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ मंडळीसाठी काढून ठेवतात. त्या मुठींतून तिथे मोठी कामे उभी राहिली आहेत. आपला चमचाही तेवढाच आहे.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, इम्मानुएला, तू मागे राहिलेल्यांच्या घरी जेवायला येतोस. आमच्या घरात जे साठते ते तुझ्यासाठी साठू दे. आमच्या सणामुळे कुणाला दाराआड बसावे लागू नये. आमच्या हातांना वाट पाहायला शिकव आणि आमच्या परातीत सगळ्यांना जागा दे. आमेन.