फुरसुंगीचा फेणे, पुन्हा एकदा

गुप्तहेराला घर असते. गाव क्वचितच असते. शेरलॉक होम्सला बेकर स्ट्रीटवरचा घरक्रमांक आहे, सत्यजित राय यांच्या फेलूदाला कोलकात्यातला रजनी सेन रोड आहे, आणि एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’ना तर घरापेक्षा सुट्ट्याच अधिक आहेत. भा. रा. भागवतांनी मात्र आपल्या बनेश फेणे या काटकुळ्या, सायकलवेड्या पोराला पुण्याच्या विद्याभवन शाळेत घातले, ‘फास्टर’ हे टोपणनाव दिले, आणि त्याचबरोबर एक खरेखुरे गाव दिले. पुण्याच्या पूर्वेला, सासवडच्या वाटेजवळचे फुरसुंगी. गेल्या वर्षभरात ही मालिका आम्ही दोघी बहिणींनी पुन्हा हाती घेतली, तेव्हा रहस्ये, चोर आणि पाठलाग यांच्यापेक्षा हे गावच आम्हांला अधिक अडवू लागले. हा लेख त्या अडण्याविषयी आहे.

आमचे बालपण खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी गेले. वाचनालयाची वर्गणी घरात एकच, म्हणून पुस्तक एक आणि वाचणाऱ्या दोघी. थोरलीने आधी वाचायचे, धाकटीने वाट पाहायची, हा नियम. वाट पाहणारीला आत काय चालले आहे ते कळण्याची एकच खूण होती: आतल्या खोलीतून ‘टॉक्क’ असा आवाज यायचा. जीभ टाळूला लावून फेणे काढतो तो हा आवाज. भागवतांनी तो कागदावर अशा अक्षरांत उतरवला, की वाचणाऱ्याला तो करून पाहिल्याखेरीज पुढे जाता येऊ नये. नायकाची बुद्धी उसनी घेता येत नाही, धाडसही घेता येत नाही. पण त्याचा आवाज घेता येतो, आणि तोही फुकट. बालसाहित्यातल्या नायकाशी एकरूप होण्याविषयी आज आपण वर्गात बरेच बोलतो. त्या एकरूपतेचा याहून स्वस्त आणि याहून अचूक मार्ग आम्हांला दुसरा माहीत नाही.

भागवत (1910–2001) हे कानाचे लेखक होते, हे नावातच दिसते. फास्टर, फेणे, फुरसुंगी: तीन ‘फ’. त्यांतला पहिला शब्द इंग्रजी, दुसरे अस्सल मराठी आडनाव, तिसरे मावळतीच्या पुण्याला ठाऊकही नसेल असे उगवतीकडचे खेडे. बरे, ‘फास्टर’ हे इंग्रजीतले तुलनावाचक रूप. मराठीत तुलना करायची तर ‘पेक्षा’ लागते आणि ‘पेक्षा’च्या आधी कोणीतरी लागतो. अमक्यापेक्षा चपळ, तमक्यापेक्षा वेगवान. या नावात तो अमका-तमका नाही. फेणे कोणापेक्षा फास्टर, हे सांगितलेलेच नाही. ती जागा रिकामी आहे, आणि प्रत्येक वाचणारे मूल आपल्या शाळेतला, आपल्या आळीतला कोणी ना कोणी तिथे बसवते.

हा नायक निर्माण करणारा लेखक ज्यूल व्हर्न मराठीत आणणाराही होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘बालमित्र’ मासिकाच्या रूपाने त्यांनी मुलांसाठी नियतकालिक चालवले. पुस्तकांत बुडालेला बिपिन बुकलवारही त्यांचाच. भाषांतराच्या वाटेने त्यांनी मराठी मुलांना चंद्रावर आणि समुद्रतळाशी नेले. स्वतःचा नायक घडवताना मात्र त्यांनी अंतर कमी केले. मराठी मुलाला साहसासाठी लागणारे सामान म्हणजे एक सायकल, सुभाष देसाईसारखा मित्र, मालीसारखी नात्यातली बहीण आणि नाक खुपसण्याची सवय. फेणे होम्ससारखा खुर्चीत बसून अनुमाने काढत नाही. तो जातो, पाहतो, अडकतो आणि निसटतो. त्याचा तर्क पायांत आहे. आज हे वाचताना कथानकातले योगायोग मोजता येतात, खलनायकांचे ठोकळेपणही दिसते; तरीही ‘जाऊन पाहणे’ ही ज्ञानाची एक पद्धत आहे हे मुलांना इतक्या सहज सांगणारे लेखन मराठीत फार नाही.

आता पुस्तकांच्या नावांकडे येऊ. वीसेक पुस्तकांची ही मालिका, आणि तिची शीर्षके ओळीने वाचली तर एक गंमत दिसते. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’. ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’. ‘जंगलपटात फास्टर फेणे’. नायक सतत कशात तरी किंवा कशावर तरी आहे. व्याकरणाचे शिक्षक म्हणतील, ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय आणि ‘त’ हा सप्तमीचा प्रत्यय. पण अर्थ दोहींचा अधिकरणाचाच. फेणे हा सप्तमीतला नायक आहे. षष्ठी येते ती बहुधा त्याच्या मालकीची: ‘फास्टर फेणेची काश्मिरी करामत’. करामत त्याची. एका शीर्षकात मात्र हे नाते उलटते: ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’. इथे काही त्याचे नाही. तोच कोणाचा तरी आहे. जो सगळीकडे जातो तो एका ठिकाणचा आहे, हे तीन शब्दांत सांगितले आहे. मालिकेचा भूगोल पुण्यापासून काश्मीरपर्यंत पसरलेला. गाव त्या मानाने पार्श्वभूमीलाच राहते. पण नावापुढे ते असे लागले आहे की काढता येत नाही.

फुरसुंगी आम्हांला नकाशावर भेटण्याआधी अशी पुस्तकात भेटली. आमच्यासारखी कितीतरी मुले जळगावात, लातुरात, पणजीत असतील, ज्यांना पुण्याच्या आसपासची हवेली, मुळशी ही तालुक्यांची नावे माहीत नव्हती, पण फुरसुंगी माहीत होती. एखाद्या गावाच्या वाट्याला असा लौकिक सहसा संतामुळे येतो, नाहीतर लढाईमुळे. फुरसुंगीला तो एका शाळकरी पोरामुळे आला.

पुढे नोकरीच्या निमित्ताने आम्ही दोघीही पुण्यात आलो आणि फुरसुंगी हा शब्द दुसऱ्याच वाक्यांत ऐकू येऊ लागला. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांच्या शिवेवर पुणे शहराचा कचरा टाकला जातो, हे पुण्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. दशकानुदशके तिथे कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. त्यातून झिरपणाऱ्या पाण्याने विहिरी नासल्या, पिण्यासाठी टँकर आले, ढिगांना आगी लागत राहिल्या. गावकऱ्यांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या. 2017च्या एप्रिलमध्ये आग लागल्यानंतर त्यांनी तीन आठवड्यांच्या आसपास कचरा येऊ दिला नाही, आणि तेव्हा शहराला पहिल्यांदा कळले की आपल्या दारातली बादली रिकामी होते म्हणजे ती कुठेतरी भरते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ही दोन्ही गावे महापालिकेच्या हद्दीत गेली. 2024 मध्ये त्यांना हद्दीतून वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली.

योगायोग असा, की 2017च्या त्याच ऑक्टोबर महिन्यात ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. आदित्य सरपोतदार यांचे दिग्दर्शन, अमेय वाघचा फेणे, आणि दिलीप प्रभावळकरांनी साकारलेले खुद्द भा. रा. भागवत. त्याआधी 1987च्या सुमाराला दूरदर्शनवर सुमीत राघवनचा फेणे येऊन गेला होता. त्या पिढीला तोच चेहरा खरा. चित्रपटातला फेणे वयाने मोठा झाला आहे आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या गैरव्यवहाराचा माग काढतो. काळाबरोबर नायकाला असे पुढे नेणे आम्हांला रास्तच वाटते. पण चित्रपटगृहातून बाहेर पडताना मनात आले: हा मुलगा परीक्षेसाठी शहरात आला, आणि त्याच्या गावी शहरातून काय जाते, हे विचारणारा फेणे कोण लिहील?

मग वाटले, तो लिहिता येईल का? गुप्तहेरकथेचा सांगाडा एका गुन्हेगारावर उभा असतो. तो लपतो, मागे खूण ठेवतो, शेवटच्या प्रकरणात पकडला जातो आणि सगळे घरी जाऊन जेवतात. इथे लपलेले काहीच नाही. गाड्या दिवसाढवळ्या जातात, त्यांच्यावर नाव लिहिलेले असते. खुणा मैलावरून दिसतात, वासाने तर त्याही आधी कळतात. संशयितांची यादी करायची तर शहरातल्या प्रत्येक घराचा दरवाजा येईल. फेणेच्या सायकलीने इथे कोणाचा पाठलाग करावा? बालकथेतले न्यायाचे गणित ज्याला पकडता येते त्याच्यावर चालते. जे सर्वांना ठाऊक आहे त्याच्यापुढे ते थांबते. हा भागवतांच्या लेखनातला उणेपणा नव्हे. ती त्या साहित्यप्रकाराची सीमा आहे, आणि फुरसुंगी नेमकी तिच्या पलीकडे पडली आहे.

या विषयावर आमच्या दोघींत मतभेद आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. आमच्यापैकी थोरली पदवीच्या वर्गाला बालसाहित्य शिकवते. तिचे म्हणणे असे, की आज हे पुस्तक शिकवायचे तर गावाचे पुढचे प्रकरणही त्याबरोबर वाचले पाहिजे. स्थळनाम हे काही रिकामे चिन्ह नव्हे. वाचक बदलला की त्याचा अर्थ बदलतो, आणि हे दाखवायला याहून चांगले उदाहरण मराठीत नाही. धाकटी म्हणते, मुलांच्या पुस्तकावर मोठ्यांचा कचरा टाकू नका. त्या गावाच्या नावाला आनंदाचा एक अर्थ आहे, तो एवढाच शिल्लक आहे. तोही विश्लेषणाच्या टेबलावर कशाला घ्यायचा? दोघींच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणून भांडण लांबते.

थोरलीच्या वर्गात एकदा या पुस्तकावर चर्चा झाली. फुरसुंगीचे नाव निघताच मागच्या बाकांवरून हसू आले, कोणीतरी नाकाला रुमाल लावल्याचा आविर्भाव केला. वर्गात त्या गावची एक मुलगी होती. ती उठून म्हणाली, की शाळेत असल्यापासून गाव सांगितले की असेच होते. म्हणून ती आणि तिच्या मैत्रिणी ‘हडपसरच्या पुढे’ एवढेच सांगतात. फास्टर फेणे तिने वाचलेला नव्हता. आपल्या गावाचे नाव एखाद्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलेले आहे, आणि ते नाव दूरदूरची मुले कौतुकाने घेत आली, हे तिला ठाऊक नव्हते.

‘हडपसरच्या पुढे’ हे शब्द आम्हांला फार दिवस सोडवले नाहीत. षष्ठीच आहे तीही. पण दुसऱ्या गावाची. कचऱ्याने त्या गावाचे पाणी नेले, हवा नेली, हे आपण बातम्यांत वाचतो. त्याने षष्ठी विभक्तीही नेली, हे बातमीत येत नाही. ‘मी फुरसुंगीची’ असे सरळ म्हणता न येणे हे नुकसान कोणत्या पंचनाम्यात भरायचे? साहित्याने ढीग हलत नाहीत, आणि कोणी तसे म्हणू लागले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. ढीग हलवायला पालिका लागते, पैसा लागतो, कचरा दारातच वेगळा करणारे शहर लागते आणि गाड्या अडवणारे गावकरी लागतात. साहित्य फार तर एवढेच करते, की जे नाव लोक टाळू लागले ते एका जागी उजळ माथ्याने लिहून ठेवते. भागवतांना पुढचे काही माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांनी तीन ‘फ’ जुळवले, इतकेच. पण विनोदासाठी जोडलेली षष्ठी आज साक्षीसारखी उभी आहे.

त्या तासानंतर ती मुलगी विभागात आली आणि पुस्तक मिळेल का म्हणाली. आमची जुनी प्रत तिला दिली. मुखपृष्ठाचा कोपरा फाटलेला, आत दोघींची नावे दोन वेगळ्या शाईंनी लिहिलेली. तिने उभ्या उभ्या चार पाने चाळली आणि विचारले, यात गाव किती आहे? वेस, ओढा, शाळा असे काही? थोडेसेच असेल, असे सांगितले. ‘चालेल,’ ती म्हणाली, ‘धाकट्या भावाला वाचून दाखवते आधी.’ परीक्षा होऊन गेल्या, निकालही लागला. पुस्तक अजून तिच्याकडेच आहे. ते परत मागावे का, यावर मात्र आम्हां दोघींत मतभेद नाही.