सहा की सात

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला तेव्हापासून मला स्पार्क प्लगचा रंग पटत नाही. डावा डोळा अजून तसाच आहे. बोटीच्या मागे लावायच्या रॉकेलवरच्या जुन्या टू-स्ट्रोक मशीनचा, म्हणजे ओबीएमचा, प्लग काढायचा, त्याच्या टोकाकडे बघायचं आणि तांडेलाने तोंड उघडायच्या आत मशीन कशी चालली ते सांगायचं, ही माझी मिजास. मालवणच्या किनाऱ्यावर तेवढ्यावर मान मिळाला. आता एकच प्लग डाव्या डोळ्याला कॉफीच्या रंगाचा दिसतो, उजव्याला राखाडी-काळा.

घोळ खरं तर डोळ्याआधीचा. जाळं ओढताना मशीन रेंगाळते. प्लगचं टोक साडेचारशे अंशांच्या आत राहिलं की रॉकेलची काजळी जळत नाही, साचते. मग मासळी घेऊन लिलाव गाठायला तीच मशीन पूर्ण थ्रॉटलवर. टोक आठशेच्या वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेट घेतं आणि पिस्टनला भोक पडतं. जाळं ओढताना गरम प्लग हवा, बी-६-एचएस; येताना थंड, बी-७-एचएस. कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ केलं. रेंगाळणं सुधारलं, पण परतीचा प्लग पांढरा पडला. गॅप फार वाढवली, तर ओल्या प्लगवर ठिणगीच मरते. सहा की सात, रात्री अंथरुणात पडल्यावरही तेच.

त्यात एनजीके कंपनीचा आकडा चढला की प्लग थंड, चॅम्पियनचा चढला की गरम. हे न बघता अदलाबदल करणारेही स्वतःला मिस्त्री म्हणवतात. काहीजण तर मोटरसायकलच्या गॅरेजात वाळूच्या मशीनवर प्लग चकाचक करून आणतात. खाचेत अडकलेला कण सिलिंडरात उतरला की भिंतीला रेघ गेलीच. तारेच्या ब्रशने पोर्सेलीनवर धातू घासला जातो, ठिणगी तिथूनच पळते. मी पेट्रोल आणि बांबूची काडी, एवढंच वापरतो.

भाचा फीलर गेज लावतो. मी कधी लावली नाही, नखाने गॅप कळते असं सांगत आलो. "मामा, नवो घाल नि मोकळो हो," म्हणतो. भर समुद्रात मशीन बंद पडण्यापेक्षा नवा प्लग स्वस्त, हे मलाही कळतं. पण न वाचता फेकलेला प्लग बघवत नाही.

तांडेल समोर असला की मी डाव्या डोळ्यानेच बघतो. त्या डोळ्याला रंगाचं नाव पटकन सुचतं. तांडेल गेला की प्लग भाच्याकडे सरकवतो, "बघ रे जरा," म्हणून, सहज विचारल्यासारखं.