उर्दूचे ७१ गुण

माझ्या मुलीला बारावीत उर्दूत ७१ गुण मिळाले. तिच्या मैत्रिणीने उर्दूऐवजी आयटी घेतलं होतं. तिला ९६ मिळाले. बाकीचे पाच विषय दोघींचे सारखे. त्या पाचांची बेरीज केली तर माझी मुलगी तीन गुणांनी पुढेच होती. पण सहाशेपैकी एकूण धरले की ती २२ गुणांनी, म्हणजे पावणेचार टक्क्यांच्या आसपास मागे पडली. बीएस्सीच्या पहिल्या यादीत मैत्रिणीचं नाव आलं, हिचं नाही. प्रवेश होता विज्ञानाचा, आणि निकाल लावला भाषेने!

उर्दू घे, असं मीच सांगितलं होतं. घरात आम्ही मराठी बोलतो, पण तिच्या दादीची जुनी पत्रं उर्दूत आहेत. ती तिला वाचता यावीत, एवढीच माझी हौस. शिक्षक म्हणून मात्र इतरांच्या मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आलोय, "स्कोअरिंग विषय घ्या." यादी लागली त्या रात्री मला माझीच लाज वाटली.

मैत्रिणीबद्दल तक्रार नाही. तिनेही मेहनत केली आहे. तक्रार आहे ती वेगवेगळ्या तराजूंवर तोललेलं एकाच भावाने मोजण्याची.

हे दुखणं नवं नाही. दहावीच्या वेगवेगळ्या बोर्डांच्या गुणांची तुलना कशी करायची, यावर आपल्या राज्यात २००८ साली पर्सेंटाइलचं सूत्र आलं, २००९ मध्ये ९०:१० चा कोटा आला. दोन्ही उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१० मध्ये 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं तेव्हा टिकलं.

मग प्रत्येक विषयाचं पर्सेंटाइल काढावं का? जेईईत वेगवेगळ्या सत्रांसाठी तसं करतात. तिथे ते चालतं, कारण कोण कुठल्या सत्रात बसेल हे विद्यार्थी ठरवत नाही. विषय मात्र विद्यार्थी स्वतः निवडतो. हुशार मुलं एकाच विषयात गोळा झाली, तर तिथे चांगला पेपर लिहिणाराही मधल्या रांगेत दिसेल. म्हणजे एक अन्याय काढून दुसरा बसवायचा.

मला साधा उपाय दिसतो. ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश, त्याच्याशी संबंधित विषयांचेच गुण यादीसाठी धरावेत. भाषेत उत्तीर्ण होणं पुरेसं मानावं. मग मुलं भाषा आवडीने निवडतील, हिशेबाने नाही.

दुसऱ्या यादीत मुलीला प्रवेश मिळाला, पण दूरच्या कॉलेजात. रोज दीड तासाचा प्रवास. मी म्हणालो, "चूक माझी झाली, बेटा." ती म्हणाली, "अब्बा, दादीची सगळी पत्रं वाचून झाली माझी. तुम्ही वाचली आहेत का?"

मी वाचलेली नाहीत. मला उर्दू येत नाही.