एका मुलासाठी सहा वार

वाचकहो, वर्ध्याला तुम्ही कधी गेला असाल तर बहुधा सेवाग्राम पाहायलाच गेला असाल. बापूकुटीत चटईवर दोन घटका टेकला असाल, पवनारला धाम नदीच्या पाण्यात पाय बुडवले असतील आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परतला असाल. मीही आजवर तसाच जाऊन येत असे. या खेपेला मात्र सेलू तालुक्यातल्या एका लहानशा गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत तीन दिवस काढले. तिथे जे पाहिलं ते तुमच्या घरातल्या मोठ्यांनी आणि लेकीसुनांनी वाचावं म्हणून लिहितो आहे. गावाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही. त्यांचीच तशी इच्छा आहे.

दिवस कार्तिकाचे. सोयाबीन घरात आलेलं, तूर फुलावर आणि कापसाची वेचणी जोरात. सकाळी आठालाच गाव रिकामं झालं होतं. बाया ओटी बांधून वावरात गेल्या होत्या. अशा वेळी शाळेच्या ओसरीवर एक म्हातारबुवा काठी बाजूला ठेवून निवांत बसलेले दिसले. मला वाटलं, नातवाला पोचवायला आले असतील. विचारलं तर म्हणाले, "नाही जी, आज गुरुवार. आज माहा वार हाये."

वार म्हणजे काय, हे जुन्या माणसांना सांगायला नको. गरिबाचा हुशार मुलगा शिकायला परगावी जाई, तेव्हा सात घरी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कोणत्याच घराला भार नाही आणि मुलाचं शिक्षण होऊन जाई. या गावाने तीच रीत उचलली आहे. फरक एवढाच, की इथे अन्नाऐवजी वेळ द्यायचा असतो.

आईची ओढाताण

ज्याच्यासाठी हे वार लागले तो मुलगा नऊ वर्षांचा आहे. दिवस पुरे व्हायच्या आधीच जन्मला आणि रडायला फार उशीर लागला. मेंदूला इजा झाली. हातपाय ताठर झाले, मान डुलते, बोलणं अडखळतं. डॉक्टर याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. स्नायूंवरचा ताबा सुटतो, पण म्हणून बुद्धी गेलीच असं नसतं. या मुलाला सगळं कळतं. त्याचे डोळे पाहिले की आपल्याला कळतं, की त्याला कळतं आहे.

एका शाळेने त्याला घ्यायचं टाळलं होतं. "शहरातल्या विशेष शाळेत घाला," असं सांगून आईला परत पाठवलं. मग ती या शाळेत आली. इथल्या गुरुजींनी नाव घातलं, पण वर्गात दोन इयत्ता एकत्र आणि शिक्षक एकच. मुलाला बसतं करायचं, पाणी पाजायचं, लघवीला न्यायचं, वही धरायची, हे सारं कोणी करायचं? आईच रोज शाळेत बसू लागली. पावसाळा असा निघाला. वेचणी लागली आणि पंचाईत झाली.

ती मला म्हणाली, "वेचणीची मजुरी किलोवर असते भाऊ. शाळेत बसली तं मजुरी बुडते, अन् वावरात गेली तं याची शाळा बुडते. दोन हात हायेत, तिसरा कोठून आणू?"

तीन आठवडे मुलगा घरी राहिला. मग वर्गातली पोरंच गुरुजींना विचारू लागली, की आमचा गडी का येत नाही? गुरुजींनी तो प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठेवला.

सभेत एकमत लगेच झालं नाही. एक जण स्पष्टच म्हणाला, "ज्याचं लेकरू त्यानं सांभाळावं. आमची कामं कोण करन?" तेव्हा कोपऱ्यातली एक आजी बोलली, "बापू, मोटारीची पाळी वाटून घेता, थ्रेशर वाटून घेता. मंग एका लेकराचा वार वाटून घ्याले काय झालं?" त्या दिवशी सहा वारांची सहा नावं लागली. सोमवार आईचा, शनिवार बापाचा आणि मधले चार वार दुसऱ्यांच्या आईबापांचे आणि आजीआजोबांचे. ज्याने विरोध केला होता तो गवंडी आहे. मंगळवार त्यानेच घेतला.

मदत कुठे करावी, कुठे थांबावी

वाचकहो, चांगल्या मनानेही चूक होते, तीही सांगतो. बुधवारच्या आजीबाईंना मुलाचा फार कळवळा. त्या त्याची वही घेऊन स्वतःच सगळी गणितं उतरवून टाकत. वही सुंदर दिसू लागली. तालुक्याच्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षिका आल्या, त्यांनी वही पाहिली आणि हसून म्हणाल्या, "आजी, वही त्याची आणि अक्षर तुमचं. मग शिकलं कोण?"

त्यांनी रीत शिकवली. पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ती जाड करायची, म्हणजे आखडलेल्या बोटांत धरता येते. कागद पाटीला चिकटवायचा, म्हणजे सरकत नाही. तुरीचे दाणे निसटतात, तर मोजायला चिंचोके द्यायचे. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजून थांबायचं. त्याचं उत्तर यायला वेळ लागतो आणि आपण घाईने बोललो की ते तोंडातच राहतं. जे काम त्याला जमत असेल ते उशिरा झालं तरी त्यालाच करू द्यायचं.

गावच्या सुताराने पाय टेकायला फळी आणि कमरेला पट्टा असलेली बुटकी खुर्ची केली. मंगळवारच्या गवंड्याने दाराशी उतार बांधला. त्याचं गणित तुम्हीही लक्षात ठेवा. चढ एक फूट असेल तर उतार बारा फूट लांब हवा. त्याहून आखूड केला तर चाकाची खुर्ची एकट्याने चढवता येत नाही आणि उतरताना उलटते. कित्येक ठिकाणी उतार बांधलेला असतो, पण तो घसरगुंडीसारखा. तो नसल्यासारखाच.

दोन नियम गुरुजींनी पहिल्या दिवशीच घालून दिले आहेत. कोणाही एका मोठ्या माणसाने मुलाला बंद दाराआड एकटं न्यायचं नाही. संडास-लघवीला आई, बाप किंवा त्यांनी सांगितलेली व्यक्तीच नेणार आणि दुसरं कोणी तरी जवळपास असणार. आणि शाळेत मुलाबद्दल जे कळलं ते पारावर बोलायचं नाही. हे दोन नियम नसतील तर असं काम सुरूच करू नये.

त्याच वर्गात एका मुलीला मिरगी येते. पूर्वी झटका आला की कोणी कांदा हुंगवी, कोणी चप्पल नाकाशी धरी, कोणी दातांत चमचा घाली. आता वाराची माणसं तसं करत नाहीत. मुलीला कुशीवर वळवतात, डोक्याखाली मऊ कापड ठेवतात, तोंडात काहीही घालत नाहीत, हातपाय दाबून धरत नाहीत आणि घड्याळ पाहतात. झटका पाच मिनिटांहून लांबला, किंवा शुद्धीवर न येताच दुसरा आला, तर थेट दवाखाना. तुमच्या घरीही हे कागदावर लिहून भिंतीला लावा.

या मातीला हे नवं नाही

परतीच्या वाटेवर वर्धा शहरात थांबलो. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराचे दरवाजे दलितांना उघडले, ते मंदिर इथलंच. त्या काळी ही सोपी गोष्ट नव्हती. शहराजवळ दत्तपूर आहे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली तिथे कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. लोक ज्यांना वेशीबाहेर काढत त्यांना तिथे घर मिळालं.

त्याच वर्षी गांधीजी शेगाव नावाच्या खेड्यात राहायला आले. पुढे १९४० मध्ये त्याचं नाव सेवाग्राम झालं. तिथे परचुरेशास्त्री या कुष्ठरोग झालेल्या विद्वानाला त्यांनी आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी मालिश केलं. आश्रमात त्यांची कुटी आजही आहे. पुढच्या वेळी गेलात तर बापूकुटीवरूनच मागे फिरू नका, तिच्यासमोरही थांबा.

वर्ध्यालाच २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा विचार देशापुढे आला. हाताने काम करत शिकायचं, हे त्याचं सार. सेवाग्रामला नई तालीम समितीची आनंद निकेतन ही मराठी शाळा २००५ पासून त्याच विचारावर चालते. शेती, सूतकताई, स्वयंपाक, सफाई हे तिथे अभ्यासाचेच भाग. मला वाटतं, ज्या मुलाला पुस्तकातली बेरीज उमजत नाही, त्याला बियाणं मोजताना ती उमजू शकते. खास मुलांना शिकवणारे आज जे सांगतात, त्याच्याशी हे जुळतं.

वर्ध्याहून दक्षिणेला जाणाऱ्या गाडीत बसलं की हिंगणघाट लागतं. बाबा आमटे यांचा जन्म १९१४ साली तिथलाच. पुढच्या वरोऱ्याला त्यांनी आनंदवन उभं केलं आणि तिथे अंध व मूकबधिर मुलांच्या शाळाही काढल्या.

अशा कामाची सुरुवात आईबापांनी केल्याचे दाखलेही आपल्या राज्यात आहेत. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी घरातच सुरू केली. मिठू अलूर यांनी आपल्या मुलीला बरोबरीचं शिक्षण मिळावं म्हणून १९७२ साली मुंबईतच स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. त्या शहरातल्या संस्था. खेड्यात तेवढं बळ नसतं, हे खरं. पण खेड्यात एकमेकांची ओळख असते आणि ओसरी असते.

हक्क समजून घ्या

आता कामाचं बोलू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे शाळेच्या सभेत तुम्ही पाहुणे नाही, घरचे आहात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. "आमच्याकडे सोय नाही" असं सांगून सरकारी शाळेला मूल नाकारता येत नाही. फारच गंभीर किंवा अनेक अपंगत्वं असतील तर घरी येऊन शिकवण्याचीही तरतूद आहे.

पहिलं काम म्हणजे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि सांगतील त्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. कार्ड काढलं म्हणजे मुलावर शिक्का बसेल, अशी भीती काही घरांत असते. शिक्का बसतो तो मुलाला घरात लपवून ठेवल्याने. कार्डामुळे साहित्य, सवलती आणि परीक्षेत लेखनिक व जादा वेळ मागायला आधार मिळतो.

आणि एक गोष्ट विसरू नका. वाराची माणसं म्हणजे विशेष शिक्षक नव्हेत. या गावची शिक्षिका अनेक शाळा फिरते, त्यामुळे इथे तिचं येणं क्वचितच होतं. गावाने वार लावले म्हणून शिक्षकाची मागणी सोडून द्यायची नाही. या समितीने मागणीचा ठराव केला आहे आणि तो दर सभेत पुन्हा वाचला जातो. सरकारने शिक्षक द्यावा, गावाने वेळ द्यावा. एकाने केलं म्हणून दुसऱ्याचं चुकत नाही.

निघायच्या दिवशी सोमवार होता. आई वर्गाबाहेर बसली होती, हातात सुपातलं निवडण. आत मुलाने पाटीवर एक आकडा काढला. वेडावाकडा चार. त्याला पाच मिनिटं लागली. शेजारच्या पोराने ओरडून सांगितलं, "गुरुजी, यानं चार काढला!" आई उठून आत गेली नाही. बसल्या जागेवरूनच पदर डोळ्याला लावला आणि पुन्हा निवडायला लागली. मला म्हणाली, "पह्यले मले वाटे, मी मेल्यावर याचं कसं होईन? आता गावात सहा घरं तं याले ओळखते."

वाचकहो, ज्या घरी असं लेकरू आहे त्या प्रत्येक घरात रात्री दिवा मालवल्यावर हाच प्रश्न जागा असतो. त्याचं सगळं उत्तर कोणापाशीच नाही. पण आठवड्यातला एक वार बहुतेकांपाशी असतो. तुमच्या शाळेची पुढची सभा असेल त्या दिवशी काम थोडं बाजूला ठेवून जा आणि एवढंच विचारा, की आपल्या गावातलं कोणतं लेकरू आज शाळेत नाही? नाव कळलं की मग वार ठरवायला वेळ लागत नाही.